तंबूत रुसून बसलेला माणूस वीर कसा?

प्रश्न इथलाच, कोल्हापुरातल्या एका मुलाचा आहे. तो सकाळी तालमीत जातो आणि दुपारी एम.ए.च्या तौलनिक साहित्याच्या तासाला बसतो. त्याचं म्हणणं असं: "मॅडम, अकिलीज एका बंदिवान बाईवरून रुसून तंबूत बसतो, तिकडं त्याचीच माणसं मरतात, तरी इलियडचा नायक तोच. हेक्टर तर चक्क पळतो. आपल्याकडं कर्ण कितीदा हरला, तरी लोक रडतात कर्णासाठी. भीम एवढा मोठा मल्ल, त्याच्यासाठी कुणी रडत नाही. मग महाकाव्यात वीर ठरतो कशावर? ताकदीवर, चांगुलपणावर की जिंकण्यावर?"

(इलियड हे होमरचं ग्रीक महाकाव्य, ग्रीकांनी ट्रॉय शहराशी केलेल्या युद्धाचं. अकिलीज ग्रीकांचा, हेक्टर ट्रॉयचा.) माझं उत्तर तुला आधीच सांगते, म्हणजे वाद घालायला सोपं जाईल. वीर ओळखायची जागा एकच असते. आपण जे करतोय त्याची किंमत त्याला कळलेली असते, ती किंमत बहुतेक वेळा त्याचा स्वतःचा जीव असते, मागं फिरायची वाट अजून उघडी असते, आणि तो फिरत नाही. बाहुबल, मोठं कुळ, देवानं दिलेली शस्त्रं हे सगळं त्या जागेपर्यंत पोचायचं भाडं.

मला हे उशिरा कळलं. एकतीस वर्षं शिकवलं, त्यातली पहिली सात-आठ वर्षं मी वर्गात शिरले की फळ्यावर चार रकाने आखायची, संस्कृत नाटकातल्या नायकांच्या चार प्रकारांचे: धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत, धीरोद्धत. राम पहिल्यात, वत्सराज उदयन दुसऱ्यात, चारुदत्त तिसऱ्यात, रावण चौथ्यात. पोरं उतरवून घ्यायची, परीक्षेत तेच लिहायची, मार्कही मिळायचे. एका वर्षी मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "मॅडम, कर्ण कितव्या रकान्यात?" मी म्हटलं, पुढच्या तासाला सांगते. तो पुढचा तास आज भरतोय असं समज. ही वर्गवारी खोटी नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात ती आहे, धनंजयानं दशरूपकात ती बांधून दिली. पण ती नाटकवाल्यांची सोय आहे. महाकाव्यातली माणसं त्या आधीची आणि त्या मापात न मावणारी.

'वीर' या शब्दाकडून फार मदत होत नाही, तेवढं सांगून पुढं जाऊ. ऋग्वेदात वीर म्हणजे पुरुष, कर्तासवरता मुलगा. लॅटिनमधला 'विर' त्याचाच सख्खा भाऊ, अर्थ 'पुरुष' एवढाच. होमरचा 'हेरोस' तर ओडिसीत आंधळ्या गायकालाही, डेमोडोकसलाही लागलाय. म्हणजे मुळात हे चारित्र्याचं प्रमाणपत्र नव्हतंच.

चांगुलपणाचा मुद्दा मात्र इतक्या झटपट झटकता येत नाही, कारण रामायण सुरूच तुझ्या प्रश्नानं होतं. 'को न्वस्मिन् साम्प्रतं लोके गुणवान् कश्च वीर्यवान्', आज या जगात गुणीही आणि पराक्रमीही असा कोण आहे, असं वाल्मीकी नारदाला विचारतो. पुढं तो अटी वाढवतच जातो: धर्म जाणणारा हवा, उपकार न विसरणारा हवा, शब्दाला पक्का हवा, आणि रागावला तर देवांनाही धडकी भरवणारा हवा. आपल्याकडं मुलगी दाखवताना सोयऱ्याची यादी वाढत जाते तसं. नारद सांगतो, आहे असा एक, राम. इथंच संपलं असतं तर ते स्तोत्र झालं असतं. पण पुढच्याच सर्गात वाल्मीकी तमसेच्या काठी जातो, डोळ्यांदेखत क्रौंचाच्या जोडीतला नर निषादाच्या बाणानं पडतो, मादी आक्रोश करते, आणि तो आक्रोश ऐकून त्याच्या तोंडून पहिला श्लोक निघतो. गुणांची यादी हातात होती तेव्हा काव्य सुचलं नव्हतं. ते सुचलं मागं राहिलेल्या मादीचं रडणं ऐकल्यावर. हा धागा धरून ठेव, परत लागणार आहे.

आता अकिलीज. 'रुसला' हा शब्द त्याच्यावर अन्याय करतो. ती बंदिवान बाई, ब्रायसीस, ही लुटीतला त्याचा मानाचा वाटा होती, आणि ग्रीकांचा सेनापती ॲगॅमेम्नॉन यानं तो काढून घेतला. (त्या बाईला काय वाटत होतं हा वेगळा प्रश्न. होमर तिला एकदाच बोलू देतो, अकिलीजचा जिवलग सोबती पॅट्रोक्लस याच्या प्रेतापाशी, आणि ते बोलणं वाचण्यासारखं आहे.) तू कोल्हापूरचा आहेस, तुला मान म्हणजे काय ते सांगायला नको. मैदानात एखाद्यानं निकाली कुस्ती केली, त्याला फेटा बांधला, गदा दिली, आणि दुसऱ्या दिवशी संयोजकांच्या प्रमुखानं चारचौघांत ती गदा काढून स्वतःच्या घरी नेली. तो मल्ल पुढच्या मैदानाला उतरेल का? आणि नाही उतरला, तर तालमीतलं कुणी त्याला 'रुसला' म्हणेल का?

पण याहून मोठी गोष्ट नवव्या सर्गात आहे. ॲगॅमेम्नॉन माघार घेतो आणि भरपाई पाठवतो: सात तिवया, दहा तोलभार सोनं, वीस हंडे, बारा शर्यतीचे घोडे, वर सात शहरं आणि स्वतःची मुलगी. अकिलीज नको म्हणतो. तो म्हणतो, गुरंमेंढरं लुटून आणता येतात, हंडे-घोडे मिळवता येतात, पण माणसाचा जीव एकदा दातांच्या कुंपणाबाहेर गेला की लूट करून परत येत नाही. मग आईनं, थेटिसनं, सांगितलेलं तो उघड करतो. दोन वाटा आहेत: इथं राहून लढलो तर घरी जाणं नाही पण कीर्ती अक्षय, घरी गेलो तर कीर्ती नाही पण आयुष्य लांब. त्याला तेव्हा दुसरी वाट बरी वाटतेय, उद्या गलबतं पाण्यात ढकलतो म्हणतो. त्या 'अक्षय कीर्ती'चे ग्रीक शब्द आणि ऋग्वेदातले 'श्रवः' आणि 'अक्षित' हे भाषेच्या नात्यानं एकाच घरचे आहेत. दोन्हीकडच्या भाटांनी ती जोडी कुठल्या तरी जुन्या सामायिक आजोबांकडून घेतली.

म्हणजे त्याला किंमत पक्की ठाऊक आहे, आणि ती त्याला परवडत नाही असं तो स्पष्ट सांगतो. इथपर्यंत तो माझ्या लेखी वीर नाही, फार हुशार माणूस आहे. वीर होतो तो अठराव्या सर्गात. पॅट्रोक्लस त्याचं चिलखत घालून गेला आणि हेक्टरच्या हातून मेला. आई समुद्रातून वर येऊन सांगते, बाळा, हेक्टर पडला की लगेच तुझी पाळी. तो म्हणतो, मग आत्ताच येऊ दे मरण, सोबत्याच्या वेळी मी त्याच्याजवळ नव्हतो. आणि स्वतःबद्दल जे शब्द वापरतो ते मराठीत करायला मला कधी कष्ट पडले नाहीत. तो म्हणतो, मी गलबतांशेजारी बसलोय, भुईला भार होऊन. शब्दशः तेच आहे मूळात. या क्षणी त्याच्या डोक्यात कीर्ती मागाहून येते, आधी अपराध येतो. म्हणून 'मरावे परी कीर्तिरूपे उरावे' हे अकिलीजच्या गळ्यात घालताना जरा जपून. ओडिसीत मेलेला अकिलीज भेटतो तेव्हा तो काय म्हणतो? मेलेल्यांचा राजा होण्यापेक्षा एखाद्या गरीब कुळाच्या घरी सालगडी म्हणून राबणं मला चालेल. कीर्ती मिळाली होती त्याला, पुरेपूर. तिचा भाव काय, हे तो खालून सांगतोय.

हेक्टरचं पळणं. याला वर्गात दर वर्षी कुणीतरी हसतं. बाविसावा सर्ग उघड आणि सावकाश वाच. हेक्टर एकटा वेशीबाहेर उभा आहे. तटावरून म्हातारा बाप आणि आई विनवतात, आत ये. तो येत नाही, कारण त्याच्याच हट्टानं सैन्य बाहेर राहिलं आणि कापलं गेलं, आता लोकांना तोंड कसं दाखवायचं. अकिलीज जवळ येतो, आणि याचा धीर सुटतो. पळतो. तटाभोवती तीन फेऱ्या. होमर मध्येच थांबून एक जागा दाखवतो: दोन झरे, एक गरम पाण्याचा, एक गार पाण्याचा, शेजारी दगडी डोण्या, जिथं ट्रॉयच्या बायका-पोरी कपडे धुवायच्या, 'पूर्वी, शांततेत, ग्रीक येण्याआधी'. आपल्या रंकाळ्याजवळची धुण्याची चावी डोळ्यांपुढं आण आणि तिच्या कडेनं जिवाच्या आकांतानं पळणारा माणूस बघ. लढाईच्या ऐन तोंडावर कवी धुणं दाखवतो. काय हरवणार आहे ते एवढ्या थोडक्यात कुणी सांगितलेलं माझ्या वाचनात नाही.

मग ग्रीकांच्या बाजूची देवी अथेना त्याच्या भावाचं रूप घेऊन शेजारी उभी राहते. दोघं आहोत म्हटल्यावर हेक्टर थांबतो, भाला फेकतो, तो ढालीवर आपटून उडतो. दुसरा भाला मागायला तो वळून भावाला हाक मारतो. मागं कुणी नाही. तेव्हा त्याला कळतं, देवांनी मला मरायला बोलावलंय. आणि तो म्हणतो, निदान धडपड न करता मरायचं नाही, पुढच्यांच्या कानावर जाईल असं काहीतरी करून. तलवार उपसतो आणि धावतो, पण आता समोरच्या दिशेनं. पळाला म्हणून त्याची ही धाव मोठी. आधी न घाबरलेल्या माणसाच्या धावेला मोल किती?

माझे वडील खासबागेत कुस्त्या बघायला जायचे. शाहू महाराजांनी १९१२ साली सुरू केलेलं ते मैदान आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, पण मुलींना कुणी नेत नसे. मला कुस्ती कळली ती रात्री जेवताना. आणि वडील जिंकलेल्याबद्दल दोन वाक्यं बोलायचे, हरलेल्याबद्दल अर्धा तास. कुठं डाव चुकला, कुठं पट निसटला, खांदा निखळल्यावरही तो कसा चित होईना. कवीही तसेच जेवायला बसतात.

आता कर्ण, म्हणजे मागच्या बाकाचं देणं. आधी एक पथ्य. मराठी माणसाच्या मनातला कर्ण निम्म्याहून जास्त 'मृत्युंजय'मधला आहे. शिवाजी सावंत आपल्या जिल्ह्यातले, आजऱ्याचे. कादंबरी १९६७ची. कादंबरी म्हणून तिला काय म्हणायचं ते म्हण, पण व्यासांचा कर्ण बघायचा असेल तर ती थोडा वेळ फडताळात ठेव. भांडारकर संस्थेनं १९१९ ते १९६६ या काळात १२५९ हस्तलिखितं धुंडाळून महाभारताची जी संशोधित आवृत्ती काढली, तिच्यात द्रौपदी स्वयंवरात 'सूताला वरणार नाही' म्हणते ते वाक्य मुख्य संहितेत नाही, तळटीपेत गेलंय. उलट, सभेत द्रौपदीला 'बंधकी' म्हणजे वेश्या म्हणणारा आणि तिची वस्त्रं काढ असं दुःशासनाला सांगणारा कर्ण मुख्य संहितेत ठामपणे उभा आहे. आपल्याला नको असलेला कर्ण उरला आणि हवा असलेला प्रसंग गळाला. चांगुलपणाची परीक्षा घेतलीस तर कर्ण तिथंच नापास.

आणि तरी तो वीर आहे, तो उद्योगपर्वामुळं. शिष्टाई फसल्यावर कृष्ण कर्णाला आपल्या रथात बसवून हस्तिनापुराबाहेर नेतो आणि सांगतो, तू कुंतीचा थोरला. चल माझ्याबरोबर. युधिष्ठिर तुझ्यावर चवरी ढाळेल, भीम छत्र धरेल, अर्जुन तुझा रथ हाकेल, सहाव्या वेळी द्रौपदीही तुझ्याकडं येईल. रस्ता एवढा मोकळा महाभारतात दुसऱ्या कुणाला मिळालेला नाही. कर्ण म्हणतो, ठाऊक आहे मला. पण अधिरथानं मला घरी आणलं तेव्हा मायेनं राधेला पान्हा फुटला, माझं हगणं-मुतणं तिनं काढलं. तिच्या पिंडाचं काय? सगळी पृथ्वी दिली, सोन्याच्या राशी दिल्या, तरी हे नातं खोटं करता येणार नाही. मग तो सांगतो की हे युद्ध म्हणजे शस्त्रांचा यज्ञ आहे, कोण त्यातला 'होता' नावाचा पुरोहित, कोण अध्वर्यू, कोण बळी हेही त्याला स्पष्ट दिसतंय. त्याला स्वप्न पडलंय: हाडांच्या ढिगावर बसून युधिष्ठिर सोन्याच्या ताटातून तूप घातलेली खीर खातोय. पांडवांना आपण टोचून बोललो, दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून, त्याचा आज पश्चात्ताप होतोय, हेही तो इथंच सांगतो. आणि वर कृष्णाला बजावतो, युधिष्ठिराला हे कळू देऊ नकोस. त्याला कळलं तर तो राज्य मला देईल आणि मी ते दुर्योधनाला देऊन टाकीन. हे वाक्य मी वर्गात दोनदा वाचायची. आपली बाजू हरणार, आपण मरणार, आपण चुकीच्या बाजूला आहोत, हे तिन्ही माहीत असलेला माणूस आहे हा. तो कृष्णाला घट्ट मिठी मारतो, त्याच्या रथातून उतरतो आणि आपल्या रथात बसून परत जातो.

त्या उतरण्याला मी वीरपण म्हणते. पुढं सतराव्या दिवशी चाक रुतणं वगैरे ही त्याची पावती.

गिल्गमेश आणि ओडिसियस यांच्यावर फार थांबत नाही, पण दोघं या मापात बसतात का ते तूच तपास. जुन्या मेसोपोटेमियातल्या काव्याचा नायक, उरुकचा राजा गिल्गमेश मरण टाळायला जगाच्या टोकापर्यंत जातो, तारुण्याची वनस्पती मिळवतो, ती वाटेत साप खातो, आणि तो परत येऊन नावाड्याला आपल्या शहराची तटबंदी दाखवतो. होमरच्या ओडिसीचा नायक ओडिसियस, त्याला कॅलिप्सो ही देवता अमरपण देऊ करते आणि तो म्हातारी होणारी बायको पत्करतो. एकाला कळायला अख्खं काव्य लागतं, दुसऱ्याला एक संध्याकाळ.

आता क्रौंचाच्या मादीकडं परत येऊ. वीर स्वतःचा स्वतः पुरा होत नाही. त्याचा हिशेब मागं राहिलेल्यांनी मांडावा लागतो. हेक्टर मेला तेव्हा त्याची बायको अँड्रोमाकी घरात मागावर बसली होती आणि दासींना सांगत होती, ते येतील, आंघोळीचं पाणी तापत ठेवा. मग तटावरून रडणं ऐकू येतं आणि तिच्या हातातला धोटा पडतो. इलियडमध्ये लाकडी घोडा नाही, ट्रॉयचं जळणं नाही, अकिलीजचं मरणही नाही. हेक्टरचा म्हातारा बाप प्रायम रात्री शत्रूच्या तंबूत जाऊन ज्या हातांनी आपला मुलगा मारला त्या हातांचं चुंबन घेतो, दोघं आपापल्या माणसांसाठी रडतात, प्रेत घरी येतं, तीन बाया शोक करतात, आणि शेवटच्या ओळीत अंत्यविधी होतो तो हेक्टरचा. महाभारतातही युद्ध संपल्यावर एक पूर्ण स्त्रीपर्व आहे. गांधारी दिव्यदृष्टीनं रणांगण बघते आणि कृष्णाला एकेक प्रेत नावानं दाखवते. भूरिश्रव्याची बायको त्याचा तोडलेला हात मांडीवर घेऊन बसलेली आहे. जिंकलेल्यांच्या जेवणावळीला व्यासांनी एवढी जागा दिलेली नाही.

हे दगडात बघायचं असेल तर एखाद्या रविवारी कसबा बीडला जा, करवीर तालुक्यातच आहे. गावात वीरगळ खूप आहेत. वीरगळ खालून वर वाचायचा. तळाला लढाई किंवा पडलेला माणूस, बऱ्याचदा शेजारी गुरं, कारण गावाची गुरं सोडवताना मेलेले पुष्कळ. त्यावर अप्सरा त्याला वर नेतायत. सगळ्यात वर तो शिवलिंगापुढं बसलेला, माथ्यावर चंद्रसूर्य. जिंकला की हरला हे दगड सांगत नाही, बहुतेकांवर नावही नाही. गावकरी अजून शेंदूर लावतात. जुन्या ग्रीसमध्येही लोक वीरांच्या थडग्यांवर असंच नैवेद्याचं घेऊन जायचे.

आणि शस्त्र हवंच का, तर नको. पन्हाळ्याचा शिवा काशीद आठव. १६६०च्या जुलैत सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज निसटले तेव्हा हा महाराजांच्या वेषात दुसऱ्या पालखीत बसला. पकडले जाण्यासाठीच बसला होता. पन्हाळा ते पावनखिंड तुम्ही पोरं दर पावसाळ्यात चालत जाता, बाजीप्रभूंचा जयजयकार करता, तो करावाच. पण पालखीत बसून वाट बघणं हे मला खिंडीत उभं राहण्याहून अवघड वाटतं. हा इतिहास आहे, महाकाव्य नाही, हे मान्य. माप मात्र तेच लागतं.

राहिला भीम. इथं माझं माप अडतं, ते कबूल करते. कार्तिकाच्या पहिल्या दिवशी जरासंधाशी जोड लागली, तेरा दिवस सुटली नाही, चौदाव्या रात्री जरासंध दमला. शंभर कौरव त्यानंच मारले. पण त्याच्यापुढं दोन वाटा आणि मधे उभा भीम असा प्रसंग व्यासांनी आणलेला नाही. किंमत मोजत बसणारा तो माणूसच नव्हे, म्हणून कदाचित लोक त्याच्यासाठी रडत नाहीत. फक्त एक जागा दाखवते. द्यूतसभेत भीष्म, द्रोण, विदुर, पाचही पती बसलेत, धर्म काय म्हणतो यावर खल चाललाय, आणि भीम थोरल्या भावाकडं बघून ओरडतो: ज्या हातांनी फासे टाकलेस ते हात जाळतो. सहदेवा, विस्तव आण.

अर्जुनानं त्याला आवरलं. थोरल्याचा मान राखायला सांगितलं, आणि भीम गप्प बसला. त्याला कितव्या रकान्यात घालायचं हे पुढच्या तासाला तू सांग.